सोलापुरात वसंताच्या वस्तू करायच्या तर उन्हाळा धरून करा

ताई, तुम्ही नुकत्याच पुण्याहून जुळे सोलापुरात राहायला आलात. गच्चीवर पंधरावीस कुंड्या आहेत, घरात दोन शाळकरी मुलं आहेत. पाडव्याच्या आधी मुलांना सोबत घेऊन घरासाठी आणि बागेसाठी काही सोप्या वस्तू हाताने करायच्या आहेत. नेटवर शेवाळाची गोल कडी, अंड्याच्या कवचातली रोपं, बाटल्यांची उभी बाग, सीडबॉल म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, असं बरंच पाहिलंत आणि यातलं इथे काय चालेल, असं विचारलंत. मी बरीच वर्षं इथे बायकामुलांना हस्तकला आणि गच्चीवरची बाग शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हवेचं बघू. इथे होळी झाली की मधला मऊ काळ फारसा मिळत नाही. मार्चच्या दुपारी पारा ३६-३७ अंशांवर जातो, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. हवा कोरडी. वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिलीमीटर, आणि तोही जूनपासून पुढे. नळाला पाणी रोज येईलच याची खात्री नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पाडव्याला केलेली वस्तू मे संपेपर्यंत उपयोगी पडली पाहिजे. तिने झाडाला पाणी पुरवावं, सावली द्यावी, पाखरांची तहान भागवावी, निदान दारावर टिकावं तरी. नुसत्या शोभेच्या कागदी वस्तू आपल्या उन्हात पंधरवड्यात विटतात आणि मुलं हिरमुसतात. दुसरं म्हणजे सामान विकत आणू नका. या गावात सूत, चिंध्या, कडबा, माती आणि डाळिंबाच्या साली यांना तोटा नाही.

सुरुवात सुगडांपासून करा. संक्रांतीला आणलेली सुगडं बहुतेक घरांत माळ्यावर नाहीतर तुळशीमागे पडून असतात. ती कच्च्या भाजणीची, बिनचकाकीची असतात, म्हणजे त्यांच्या अंगातून पाणी झिरपतं. हाच त्यांचा उपयोग. बारा इंची कुंडीत रोपाच्या बाजूला खड्डा करा, सुगड गळ्यापर्यंत पुरा, तोंड मातीच्या वर दोन बोटं राहू द्या म्हणजे माती आत पडत नाही. भोवतीची माती हाताने घट्ट दाबा. माती सुगडाच्या अंगाला चिकटलेली असेल तरच पाणी पुढे सरकतं, मध्ये पोकळी राहिली तर तिथेच अडतं. आत पाणी भरा आणि वर दिवाळीतली पणती उपडी झाका. माती कोरडी झाली की ती सुगडातलं पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं मंदावतं. वरचा थर कोरडाच राहतो, त्यामुळे उन्हाने उडून जाणारं पाणी वाचतं आणि तणही कमी उगवतं. मुळं आपोआप त्या ओलाव्याकडे वळतात.

यात दोन गोष्टी तपासाव्या लागतात. बाजारात हल्ली ऑइलपेंटने रंगवलेली सुगडं मिळतात, ती या कामाला निरुपयोगी. रंगाने छिद्रं बुजलेली असतात. आणि जुना माठ वापरणार असाल तर आधी परीक्षा घ्या. संध्याकाळी भरून कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी त्याच्या अंगाला घाम आलेला दिसला तर तो कामाचा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार माठाच्या अंगात बसतात आणि पाणी गार होईनासं होतं. असा माठ नारळाच्या शेंडीने बाहेरून आतून खसखसून घासा, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, पुन्हा घासा. तरीही घाम आला नाही तर नाद सोडा आणि त्याला पाखरांच्या कामाला लावा, त्याचं पुढे सांगते. सुगड लहान, त्यामुळे एप्रिलात रोज भरावं लागेल. पाचसहा लिटरचा माठ मोठ्या टबात पुरलात तर भोवती वीतभर अंतरावर चार वांगी किंवा टोमॅटो आरामात जगतात आणि दोनतीन दिवस गावाला गेलात तरी जीव टांगणीला लागत नाही.

ज्या कुंड्यांत सुगड मावत नाही, त्यांच्यासाठी टॉवेलची वात करा. हे खास सोलापूरचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागात टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत, तिथली कात्रणं किलोवर मिळतात. ओळखीने मागितलीत तर कुणी नाही म्हणत नाही. सुती टॉवेलची बोटभर रुंद पट्टी कापा, एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खुपसा, दुसरं शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या डब्याच्या तळाला सोडा. डबा कुंडीच्या मातीइतक्या उंचीवर किंवा जरा वर ठेवा, फार खाली ठेवलात तर पाणी एवढं चढत नाही. पट्टी मात्र शुद्ध सुताची हवी. ओळखायचं कसं? एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटांत चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे काम मोठ्यांनीच करा. नव्या कोऱ्या कापडावर खळ आणि मऊपणासाठी लावलेलं रसायन असतं, ते पाणी धरत नाही, म्हणून पट्ट्या आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुऊन घ्या. डब्याचं तोंड झाकायला विसरू नका. उघड्या पाण्यात डास होतात आणि पाणी उडूनही जातं.

आता दाराचं तोरण. पाडव्याच्या दिवशी आंब्याच्या डहाळ्याचं खरं तोरण हवंच, त्याला पर्याय नाही. पानं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहाटे ओवा, म्हणजे निदान संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी त्याच दिवशी उगादी असते, तिथेही दारोदार आंब्याची पानं दिसतील. मुलांना घेऊन त्या बाजूने एक चक्कर मारा. पण दुसऱ्या दिवशी ती पानं कुरकुरीत होतात. चैत्र महिनाभर दारावर राहील असं तोरण कापडाचं करा, आणि ते कापड घरीच रंगवा. यात मुलांना जास्त मजा येते.

रंगासाठी डाळिंबाच्या साली. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि आपण साली मात्र कचऱ्यात टाकतो. त्या सालीत टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे सुतावर तिचा रंग पक्का बसतो. साली उन्हात कडक वाळवून डब्यात साठवा. शंभर ग्रॅम सुती कापडाला शंभर ग्रॅम वाळक्या साली आणि पंधरा ग्रॅम तुरटी असं प्रमाण धरा. कापड खळ जाईपर्यंत धुवा. तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड त्यात रात्रभर बुडवा. दुसऱ्या भांड्यात साली रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पाऊण तास उकळा, गाळा, त्यात पिळलेलं कापड टाकून आणखी तासभर मंद आचेवर ठेवा आणि तसंच गार होऊ द्या. मोहरीच्या फुलाच्या जवळ जाणारा, जरा मळकट पिवळा रंग येतो. हिरवट राखाडी हवा असेल तर गंजलेले खिळे व्हिनेगर-पाण्यात आठवडाभर बाटलीत ठेवा आणि पिवळं कापड त्या पाण्याचे दोनतीन चमचे घातलेल्या बादलीत बुडवून लगेच काढा. बघता बघता रंग फिरतो. मुलं हे पुन्हा पुन्हा करायला मागतात, करू द्या. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं घेतलं तर रंग बदलतो. रंगाचं भांडं परत स्वयंपाकात आणू नका.

कांद्याच्या सालींनीही सोनेरी रंग छान येतो, आणि सोलापूरच्या कांदा बाजारात त्या पोत्याने मिळतील, पण तो रंग उन्हात लवकर उतरतो. दारावरच्या तोरणाला डाळिंब, घरातल्या आसनाला किंवा पडद्याच्या गोंड्यांना कांदा, असं मी ठरवून टाकलंय.

रंगवलेल्या कापडाची पानं कापताना एक युक्ती. चादरीचं किंवा टॉवेलचं कापड कापलं की कडेचे धागे सुटतात. म्हणून खरं आंब्याचं पान कापडावर ठेवून खडूने आखा, त्या रेषेवर फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून कुंचल्याने पट्टा द्या, वाळू द्या आणि मग रेषेवरून कापा. एकही धागा सुटत नाही. मधली शीर जाड दोऱ्याने धावदोऱ्यात घाला. देठाकडची बाजू सुतळीवर दुमडून दोन टाके. मधे मधे सुताचे गोंडे. हे तोरण दसऱ्यालाही चालतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू तुमच्याकडे करत असाल तर कुंड्या आताच रंगवायला घ्या. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर झोपाळ्यावर बसते, आणि अंगणात चैत्रांगणाची रांगोळी काढायची आपली रीत आहे. फ्लॅटमध्ये अंगण कुठलं? म्हणून मी ते कुंड्यांवर आणलं. गेरू रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी त्यात थोडा फेविकॉल घाला आणि कोरड्या मातीच्या कुंडीवर बाहेरून दोन हात द्या. तो पूर्ण वाळला की पांढऱ्याने चित्रं काढा: सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, झोपाळ्यातली गौर, कैरी, करंडा-फणी. एका कुंडीवर चारपाच चिन्हं पुरतात. सगळ्या कुंड्या ओळीने मांडल्या की चैत्रांगण पुरं होतं. घरात आजी असतील तर त्यांना सांगायला बसवा आणि मुलांना काढायला. पांढऱ्यासाठी तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट घरात चालते, पण गच्चीवर ती मुंग्या खातात. तिथे चुना वापरा. कुंचल्यापेक्षा बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेली लेखणी या कामाला चांगली, रेघ जिवंत येते.

उन्हाचा विचार इथेही करा. पश्चिमेच्या कठड्यावर दुपारभर तापणाऱ्या कुंड्यांना गेरूचा गडद रंग नको, त्यांना चुन्याची पांढरी पार्श्वभूमी द्या आणि गेरूने चित्रं काढा. पांढरा रंग ऊन परतवतो, मुळं कमी तापतात. प्लास्टिकच्या काळ्या कुंड्यांवर चुना धरत नाही, त्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा आणि सकाळी एकदा त्यावर पाणी शिंपडा. चुना भिजवणं मोठ्यांचं काम. कळीचा चुना पाण्यात उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते. दुकानातून भिजवलेला चुनाच आणलेला बरा, आणि तोही हातमोजे घालून लावा. मुलांच्या हाती फक्त गेरू.

पाखरांच्या पाण्यासाठी मातीचा परळ, म्हणजे पसरट उथळ भांडं घ्या. तो टांगायला सुती दोरीचं शिंकं विणा. चार दुहेरी दोऱ्या वर एका कडीत अडकवायच्या, वीतभर खाली शेजारच्या दोन-दोन दोऱ्यांच्या गाठी, आणखी वीतभर खाली एकाआड एक गाठी, शेवटी सगळ्यांची मिळून एक जाड गाठ. एवढंच. परळाची खोली तीनचार सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि मध्ये चारदोन खडे ठेवा, कारण मधमाश्याही येतात आणि त्यांना टेकायला जागा लागते. पाणी रोज बदला, आठवड्यातून एकदा परळ घासा. मे महिन्यात दोरी तपासत राहा, उन्हाने सुती दोरी कुजट होते आणि भरलेला परळ खाली येतो. सावलीत टांगा. उन्हात टांगलेल्या परळातलं पाणी दुपारी इतकं तापतं की चिमणी त्याला तोंड लावत नाही.

वर म्हटलेला न पाझरणारा माठ आडवा टांगून पाखरांचं घर करता येतं, पण त्याचं मूळचं तोंड फार मोठं असतं. ते लाकडी फळीने बंद करून फळीत ३२ ते ३५ मिलीमीटरचं भोक पाडा. चिमणीला एवढं पुरतं आणि साळुंकी आत शिरत नाही. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, तिचा फायदा शिकारी पक्ष्यांनाच होतो. सज्ज्याखाली, उत्तरेला किंवा पूर्वेला तोंड करून, माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर पक्कं बांधा. पत्र्याचा डबा मात्र कधीच वापरू नका. आपल्या उन्हात त्यात पिल्लं भाजून निघतील.

पाडव्याच्या साखरेच्या गाठी घरी करायच्या का, असंही तुम्ही विचारलंत. जरूर करा. वाटीभर साखरेला पाव वाटी पाणी, थेंबभर लिंबू, गोळीबंद पाक होईपर्यंत उकळायचं, आच बंद करून पाक पांढुरका होईस्तोवर ढवळायचं आणि तुपाचा हात लावलेल्या छोट्या वाट्यांमध्ये दोरा ठेवून पटकन ओतायचं. अर्ध्या तासात सुटतात. उकळत्या पाकाजवळ मुलं नकोत, दोरा मांडायचं काम त्यांना द्या.

मुलांसाठी सगळ्यात चांगलं सामान याच दिवसांत शिवारात मिळतं, ते म्हणजे ज्वारीची धाटं. मालदांडी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत कडब्याच्या गंजी लागतात. तुमच्या ओळखीत कुणी शेतकरी असेल तर एक पेंढी मागा. धाटाची कडक साल नखाने सोलली की आत मऊ पांढरा गाभा निघतो. गाभ्याचे तुकडे हे अंग, सालीच्या बारीक काड्या हे खिळे. ना गोंद, ना दोरा. बैल, गाडी, झोपाळा, चैत्रगौरीच्या आराशीतलं मखर, सगळं यातून होतं. गावाकडची आजोबा मंडळी हे डोळे मिटून करतात. सालीने बोट कापतं, म्हणून लहान मुलांना साल सोलून द्या. अख्खी धाटं बोटभर अंतर ठेवून सुतळीने विणली की पश्चिमेच्या खिडकीला लावायला झकास ताटी होते. ती जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी लागते. आणि राहिलेली धाटं बोटाच्या पेराएवढी तोडून कुंड्यांतल्या मातीवर त्यांचा दोन बोटं जाडीचा थर पसरा, फक्त खोडाला लागू देऊ नका.

तुम्ही पाहिलेल्या बाकी गोष्टींबद्दल थोडक्यात. शेवाळाचं कडं इथे दोन दिवसांत वाळून गवत होईल, सोडा. अंड्याच्या कवचात आणि करवंटीत माती मावते ती मूठभर, ती आपल्या दुपारी तासाभरात सुकते; त्याऐवजी वर्तमानपत्राची पट्टी पेल्याभोवती गुंडाळून तळ दुमडा, त्या कागदी पेल्यात गवार, भेंडी, दोडका लावा आणि चार पानांवर आल्यावर पेल्यासकट कुंडीत ठेवा. या वेलवर्गी आणि सोटमुळाच्या रोपांना मुळं हललेली आवडत नाहीत, त्यामुळे हे खरंच उपयोगी आहे. भिंतीवरच्या उभ्या बाटल्या उत्तरेच्या सावलीत असतील तरच. फुलांसाठी आता सदाफुली, चिनी गुलाब आणि झिनिया लावा, ती ऊन सोसतात. मोगऱ्याला आता खत-पाणी द्या, छाटणीची वेळ गेली.

सीडबॉल आता करू नका. मार्चमध्ये टाकलेले गोळे पावसाची वाट बघत तीन महिने उन्हात पडून राहतात, त्यातलं बी मुंग्या आणि उंदीर नेतात. कडुनिंबाची तर गोष्टच वेगळी, निंबोळ्या पिकतात त्याच पावसाच्या तोंडावर आणि त्यांचं बी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावतं. तेव्हा जूनमध्ये झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या मुलांना गोळा करायला लावा, गर धुऊन बी सावलीत एक दिवस सुकवा आणि दोन भाग गाळाची माती, एक भाग कुजलेलं शेणखत यात त्याच आठवड्यात गोळे करून, पहिला चांगला पाऊस झाला की टाकून या.